आधी यंत्र, मग रंग

प्रत्येक पिढीचे स्वतःचे काही छंद असतात. एका पिढीने पोस्टाची तिकिटे जमविली, दुसरीने नाणी आणि आगपेट्यांवरील चित्रे. आज खिशातील मोबाईलमध्ये उत्तम कॅमेरा घेऊन वावरणाऱ्या माणसालाही जुन्या, फिल्मच्या कॅमेऱ्याची ओढ वाटू लागली आहे. माळ्यावरच्या पेटीतून वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा खाली काढावा, त्यावरची धूळ झटकावी, तो उघडून दुरुस्त करावा, त्याला नवा रंग द्यावा आणि पुन्हा चालता करावा, असा हा छंद आहे. त्यासाठी मोठी जागा लागत नाही, सुरुवातीला फारसा पैसाही लागत नाही. लागते ती चिकाटी, चांगला उजेड आणि स्थिर हात.

बंगळुरूत या छंदाला पोषक असे बरेच काही आहे. चिकपेटच्या परिसरात रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. बारीक हत्यारे, सोल्डर, पॉलिश पेपर आणि रंगाचे डबे सदर पत्रप्पा रस्त्यावर व त्याच्या आसपास मिळतात. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराची हवा मुंबई-कोकणाइतकी दमट नाही. त्यामुळे भिंगांना बुरशी लागण्याचा धोका तेथे त्यामानाने कमी असतो. नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून येऊन बंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या बिऱ्हाडाबरोबर जे थोडे जुने सामान आणले, त्यात कोठे तरी एखादा आग्फा क्लिक किंवा भात्याचा कोडॅकही असतोच.

तथापि या छंदात पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो, तो रंगाचा. कोपरे झिजलेले, काळा रंग उडून पितळ उघडे पडलेले, चामडी आवरण सुटलेले असे ते यंत्र समोर आले, की नवख्या छंदिष्टाचा हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. आठवडाभरात कॅमेरा नव्यासारखा चकाकू लागतो, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात विराजमान होतो आणि तेथेच राहतो. त्याचे शटर पूर्वीइतकेच बंद असते. हा प्रकार वाढत चालला असेल, तर एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक ठरते. जुन्या कॅमेऱ्याचे पुनरुज्जीवन म्हणजे त्याने पुन्हा छायाचित्र काढणे. रंग हा त्या कामाचा अखेरचा टप्पा होय, आणि पुष्कळदा तो टप्पा गाळणेच शहाणपणाचे असते.

शहर आणि त्याचे हात

ही भूमिका समजण्यासाठी बंगळुरूचा थोडा इतिहास उपयोगी पडेल. हे शहर आज संगणकाच्या आज्ञावलींसाठी ओळखले जात असले, तरी त्याची आधीची कीर्ती सूक्ष्म यंत्रकामाची आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० साली येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे उद्योग उभे राहिले. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि देशातील असंख्य मनगटांवर एचएमटीचे घड्याळ आले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा विचार करणारी कारागिरांची एक मोठी पिढी या कारखान्यांनी घडविली.

छायाचित्रणाचे नातेही याच काळातले. बंगळुरूचे डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने १९५३ साली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही देशातील छायाचित्रणसंस्थांची संघटना आकाराला आली. ज्या वर्षी या शहरात यंत्रे घडविणारी यंत्रे बनविणारा उद्योग स्थापन झाला, त्याच वर्षी छायाचित्रकारांची राष्ट्रीय संघटना जन्मावी, हा योगायोग मोठा सूचक आहे. पुढे टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारख्या वन्यजीव छायाचित्रकारांनी या शहराचे नाव जगभर नेले. त्या सर्वांची साधने फिल्मचीच होती, आणि ती बिघडली की दुरुस्त करणारे हात गावातच होते.

कॅमेऱ्याचे शटर आणि मनगटी घड्याळ यांचे नाते तर सख्ख्या भावंडांचे आहे. म्युनिकच्या फ्रिडरिश डेकेल यांच्या कारखान्याने १९१२ साली बाजारात आणलेले ‘कॉम्पुर’ शटर घ्यावे. एक सेकंद किंवा अर्धा सेकंद उघडझाप होण्यासाठी त्यात दातेरी चाकांची एक साखळी असते आणि तिची गती रोखून धरणारा लोलकासारखा हलणारा तुकडा असतो. घड्याळजीला हे यंत्र परके वाटत नाही. म्हणूनच घड्याळ दुरुस्त करणारे कित्येक कारागीर कॅमेराही उघडत असत.

आज ही परंपरा ओसरत आहे. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. जलहळ्ळी येथे २०१९ साली संस्थेचे वारसा संग्रहालय उभे राहिले, ही समाधानाची बाब आहे. परंतु संग्रहालयात घड्याळ ठेवता येते, हाताचे कसब ठेवता येत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे, शेजारी बसूनच जाते. ज्यांच्या बोटांत ते आहे, ती पिढी आता वृद्ध झाली आहे.

ज्ञान हातातून निसटले की काय होते, याचे बोलके उदाहरण जपानमध्ये सापडते. पेंटॅक्स हे नाव चालविणाऱ्या रिको कंपनीने अनेक वर्षांच्या खंडानंतर नवा फिल्म कॅमेरा बनविण्याचे ठरविले आणि २०२४ साली ‘पेंटॅक्स १७’ बाजारात आणला. फिल्म पुढे सरकविणाऱ्या साध्या तरफेची रचना नव्या अभियंत्यांना अपरिचित झाली होती. त्यासाठी कंपनीला जुनी रेखाचित्रे धुंडाळावी लागली आणि निवृत्त अभियंत्यांचा सल्ला घ्यावा लागला. ज्या कंपनीने पूर्वी लक्षावधी कॅमेरे बनविले, तिच्यावर ही वेळ आली. तेव्हा घरच्या टेबलावर एक जुने शटर उघडून ते कसे चालते हे समजून घेणारा छंदिष्ट आपल्या परीने एका विद्येचे जतन करीत असतो. नुसता रंग देणाऱ्याला हे श्रेय मिळू शकत नाही.

दुरुस्ती ही निर्मितीची जननी

दुरुस्तीला आपल्याकडे दुय्यम काम समजण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय छायाचित्रणाच्या आणि चित्रपटाच्या इतिहासातील दोन तेजस्वी पाने जुन्या यंत्रांच्या खटपटीतूनच लिहिली गेली.

पहिले पान कोल्हापूरचे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे आनंदराव आणि बाबुराव यांना लोक ‘पेंटर’ म्हणूनच ओळखत. चलच्चित्राने भारलेल्या या दोघांनी स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबुरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली लोकांसमोर आला. ज्यांचे आडनावच रंगकामावरून पडले, त्यांनी कॅमेऱ्याच्या बाबतीत आधी यंत्र चालते केले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे पान केरळातील आलप्पुळाचे. १९४०च्या दशकात तेथील एका स्टुडिओच्या मालकाने आपला परदेशी कॅमेरा वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे आणून दिला, कारण त्याचा भाता फाटला होता. ज्याला वाद्यातला भाता कळतो त्याला कॅमेऱ्यातलाही कळेल, हा साधा हिशेब त्यामागे होता. कारागिराचे पुत्र के. करुणाकरन यांनी ती दुरुस्ती करता करता सारी रचना समजून घेतली आणि पुढे स्वतःच लाकडी कॅमेरे बनविण्यास प्रारंभ केला. ‘वागीश्वरी’ या नावाचे ते कॅमेरे नंतर देशभरातील स्टुडिओंत पोहोचले. एका फाटक्या भात्यातून एक उद्योग जन्माला आला.

ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. वस्तू उघडून पाहिली की ती कळते, कळली की सुधारता येते आणि सुधारता आली की घडविताही येते. वरून रंग फासला, तर या साखळीची पहिली कडीच जोडली जात नाही.

आत काय काय असते

छंदाची सुरुवात करणाऱ्याने आधी स्वस्त, साधा आणि भावनिकदृष्ट्या निरुपद्रवी असा कॅमेरा निवडावा. आजोबांच्या एकुलत्या एक कॅमेऱ्यावर पहिला हात चालवू नये. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनविलेला आग्फा क्लिक ३ हा यासाठी उत्तम गुरू ठरतो. त्याची रचना अगदी सोपी असून त्यात १२० आकाराच्या रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे निघतात. एका काळी मध्यमवर्गीय मराठी घरांतील मुंजी, बारशी आणि सहली याच कॅमेऱ्याने टिपल्या.

उघडताना प्रत्येक पायरीवर मोबाईलने छायाचित्र काढून ठेवावे आणि निघालेले स्क्रू त्याच क्रमाने कप्प्यांच्या डबीत ठेवावेत. जपानी कॅमेऱ्यांतील फुलीच्या खाचेचे स्क्रू नेहमीच्या फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरने काढू नयेत. दोन्हींच्या मापात सूक्ष्म फरक असल्याने स्क्रूचे डोके खराब होते आणि मग तो निघता निघत नाही. अनेक स्क्रू चामडी आवरणाखाली दडलेले असतात, म्हणून ते आवरण हलक्या हाताने, न फाडता सोडवावे लागते.

शटर अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे वर्षानुवर्षे वाळून चिकट झालेले तेल. एक सेकंदाच्या खुणेवर ठेवलेले शटर तीन सेकंद उघडे राहिले किंवा उघडलेच नाही, तर रोग येथे आहे असे समजावे. पुष्कळजण त्यावर आणखी तेल सोडतात. हा आगीत तेल ओतण्याचाच प्रकार होय. शटरची पाती कोरडीच असावी लागतात. योग्य द्रावकाने जुना चिकटा धुऊन काढावा आणि वंगणाचा अगदी सूक्ष्म थेंब फक्त चाकांच्या आसांवर द्यावा.

भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, तर ती बुरशी होय. तिच्यातून स्रवणारे आम्ल काचेवरील लेप खाते. वेळीच पुसली तर ती निघते, उशीर झाला तर खुणा कायमच्या राहतात. चामड्याच्या पेटीत ओलावा साठून राहतो, म्हणून सुंदर दिसत असली तरी त्या पेटीत कॅमेरा ठेवू नये. हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह तो अधिक सुरक्षित राहतो.

घडीच्या कॅमेऱ्याचा भाता तपासण्यासाठी अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत छोटी विजेरी धरावी. बाहेरून जेथे तारका चमकताना दिसतील, तेथे छिद्रे आहेत. १९६०च्या आणि नंतरच्या दशकांतील कॅमेऱ्यांत मागच्या दाराच्या कडेला स्पंजाच्या पट्ट्या असतात. काळाच्या ओघात त्यांचा डांबरासारखा लगदा होतो आणि प्रकाश आत शिरू लागतो. त्या काढून नव्या पट्ट्या चिकटविणे, ही कमी खर्चाची आणि सर्वाधिक फळ देणारी दुरुस्ती आहे. काही कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या छोट्या सेलवर चालत. पर्यावरणाच्या कारणास्तव ते सेल बाजारातून गेले. त्यांच्या जागी श्रवणयंत्रासाठी मिळणारे जस्त-वायू सेल योग्य कड्यात बसवून वापरता येतात.

या कामात काही धोकेही आहेत. फ्लॅशच्या आतील विद्युतधारित्र, म्हणजे कपॅसिटर, बॅटरी काढल्यावरही तीव्र धक्का देऊ शकतो. अनुभव नसलेल्याने तो भाग उघडू नये. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. थिनर आणि तत्सम द्रव्ये खिडकी उघडी ठेवून, तोंडाला योग्य मास्क लावून आणि मुलांपासून दूर वापरावीत.

कल्हई आणि चकाकी

एवढे सारे झाल्यानंतर रंगाचा विचार करावा. तो करताना आपल्याच स्वयंपाकघरातील एक जुनी रीत मार्गदर्शक ठरेल. पितळेच्या भांड्याला कल्हई लावली जात असे, ती शोभेसाठी नव्हे. आंबट पदार्थ कळकू नये, भांडे वापरात राहावे, म्हणून ती लावीत. कल्हईवाला भांड्याचे पोचे काढत बसत नसे. आणि त्या भांड्यावर कोरलेले नाव, कोणी कोणाला कोणत्या प्रसंगी दिले ती तारीख, हे तर कोणत्याही घरात कधी घासून पुसले गेले नाही. उलट ते नाव वाचता यावे म्हणूनच भांडे जपले गेले.

कॅमेऱ्यावरची झीज हे असेच न कोरलेले नाव आहे. उजव्या कोपऱ्यातील रंग का उडाला? कारण वीस वर्षे एक तळहात तेथे टेकत होता. पट्टा अडकविण्याच्या कडीभोवती पितळ का दिसते? कारण कॅमेरा गळ्यात घालून कोणी तरी गावोगाव हिंडले होते. नव्या रंगाचा एक हात फिरविला, की हा मजकूर कायमचा झाकला जातो.

बाजारालाही या झिजेचे मोल कळते. जर्मनीच्या लायका कंपनीने २०१५ साली संगीतकार लेनी क्रॅविट्झ यांच्या नावाने १२५ संचांची एक मर्यादित आवृत्ती काढली. त्या कोऱ्या कॅमेऱ्यांचा रंग कारखान्यातच कारागिरांकरवी झिजवून पितळ उघडे केले होते. ग्राहकांनी त्या मुद्दाम केलेल्या जुनेपणाची भारी किंमत मोजली. दुसरीकडे २०२२ साली लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा, १९२३च्या चाचणी मालिकेतील कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्यामागे यंत्राचे दुर्मिळपण होते, तसेच तो कोणाच्या हातात होता हेही होते. परदेशात झीज पैसे देऊन विकत घेतली जात असताना, घरात आपसूक आलेली खरी झीज डबाभर रंगाखाली गाडणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच आहे.

दुसरी बाजू

याचा अर्थ रंगाला सर्वथा मज्जाव करावा, असा नाही. या मतावरील आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. लाखोंच्या संख्येने तयार झालेला साधा कॅमेरा म्हणजे काही पुराणवस्तू नव्हे. ज्याचा कॅमेरा त्याने तो हिरवा करावा की निळा, हा त्याचा अधिकार आहे. रंगाच्या आकर्षणाने एखादे शाळकरी मूल या छंदाकडे वळत असेल, तर त्याला अडविणे करंटेपणाचे ठरेल. शिवाय रंग हा केवळ सजावटीसाठी नसतो. पत्र्यावर गंज चढू लागला, तर तो थांबविण्याचे काम रंगच करतो. येथे रंग म्हणजे अक्षरशः कल्हई.

हे आक्षेप रास्त आहेत. म्हणून निषेधाऐवजी विवेक हवा. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले, तर बहुतेक चुका टळतात. कॅमेरा चालतो आहे काय? नसेल, तर रंगाची घाई नको. रंग उडाल्याने धातूचे नुकसान होत आहे काय? पितळ उघडे पडले तरी लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून तेथे घाई नको. लोखंडी पत्र्याला मात्र संरक्षण हवे. तिसरा प्रश्न असा, की हा कॅमेरा कोणाच्या आठवणीशी जोडलेला आहे काय? असेल, तर घरातील सर्वांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पंधरा भावंडांच्या छायाचित्रांत जो कॅमेरा कधीच दिसला नाही, पण ज्याच्यामुळे ती छायाचित्रे आहेत, त्यावर एकट्याचा हक्क नसतो.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे रंगाच्या बाजूने आली, तर काम नीट करावे. रंगवायचे भाग सुटे करावेत. भिंग, शटर आणि दृश्यदर्शक यांवर रंगाचा कणही उडता कामा नये. क्रोमच्या गुळगुळीत मुलाम्यावर रंग टिकत नाही, त्यामुळे पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने पाण्यातून घासून खरखरीत करावा, तेलकटपणा पूर्ण काढावा आणि मग प्रायमर द्यावा. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. कोरलेली अक्षरे व आकडे रंगाखाली बुजू नयेत. वाळल्यानंतर त्या खाचांत पांढरा रंग भरून वरचा जादा भाग पुसून घेतला, की अक्षरे पुन्हा उमटतात. निर्मात्याचे नाव आणि क्रमांक मात्र कोणत्याही परिस्थितीत घासून काढू नयेत.

नोंद आणि नीती

बँकेच्या कामकाजाशी परिचित असलेल्यांना एक तत्त्व नव्याने सांगायला नको. खातेवहीत चुकीची नोंद झाली, तर ती खोडून टाकीत नाहीत. दुरुस्तीची दुसरी नोंद करतात, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला आधी काय होते आणि नंतर काय बदलले, हे दोन्ही कळते. जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हाच दंडक पाळला जावा. एका छोट्या वहीत तारखेसह लिहावे, की कोणता भाग काढला, कोणता बदलला, कोठे रंग दिला. काढलेला मूळ भाग निकामी असला तरी पाकिटात घालून जपून ठेवावा. पुढे कोणाला तो कॅमेरा पूर्ववत करावासा वाटला, तर वाट मोकळी राहते.

या नोंदीला व्यवहारातही महत्त्व आहे. संग्राहकांच्या बाजारात मूळ रंगाच्या कॅमेऱ्याला सामान्यतः अधिक भाव मिळतो आणि नंतर रंगविलेल्याला कमी. रंगविलेला कॅमेरा मूळचा म्हणून विकणे ही सरळ फसवणूक होय. विक्रेत्याने वही दाखवावी आणि खरेदीदाराने ती मागावी. तसेच या छंदाकडे गुंतवणूक म्हणून कोणी पाहू नये. जुन्या कॅमेऱ्यांचे भाव लहरीनुसार चढतात आणि उतरतात, त्यांवर व्याज मिळत नाही आणि अडीअडचणीला ते लगेच मोडताही येत नाहीत. बचत बचतीच्या जागी असावी. छंदासाठी दरमहा ठराविक, परवडेल अशी रक्कम बाजूला काढावी, आणि एक कॅमेरा चालता झाल्याखेरीज दुसरा घेऊ नये. हा नियम पाळला, तर घरातील शांतताही टिकते.

शेवटी कसोटी रोलची

फिल्म आता कोठे मिळते, असा प्रश्न साहजिक आहे. उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल एका काळी गावोगावच्या स्टुडिओंत असत. तो कारखाना आता बंद पडला आहे. कोडॅकची प्रख्यात कोडाक्रोम फिल्मही २००९ साली थांबली. तरीही कथा तेथे संपली नाही. २०१८ साली कोडॅकने एक्टाक्रोम ही बंद केलेली फिल्म पुन्हा बाजारात आणली. १२० आकाराचा रोल तर १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी निघाला, तो आजही तयार होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बसतो, असे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला आले आहे. १९९५ साली बंद झालेल्या ६२० आकाराच्या कॅमेऱ्यांनाही वाव आहे. त्या फिल्मची रुंदी तीच होती, फरक होता तो फिरकीचा. १२०ची फिल्म अंधारात जुन्या फिरकीवर गुंडाळून घेतली, की काम भागते.

वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्काची चर्चा आता सरकारी पातळीवरही होत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली. परंतु हक्क मिळाला तरी दुरुस्ती करणारा हात नसेल, तर त्या हक्काचा उपयोग काय? हे हात घडविण्याची एक छोटी, विनाखर्च शाळा जुन्या कॅमेऱ्याच्या रूपाने कित्येक घरांत पडून आहे. बंगळुरूच्या वसाहतींत असे अनेक निवृत्त यंत्रकार असतील, ज्यांच्या शेजारच्या दारामागे एखादा तरुण अडकलेल्या शटरशी झुंजत आहे. गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र मंडळे आणि वाचनालये यांनी महिन्यातून एक रविवार या दोघांना एका टेबलाशी बसविले, तर फार मोठे काम होईल. ज्येष्ठाला ऐकणारा मिळेल आणि तरुणाला शिकविणारा.

तेव्हा माळ्यावरचा कॅमेरा खाली काढणाऱ्याने पहिल्या महिन्यात रंग विकत आणू नये. त्याने एक रोल आणावा. यंत्र स्वच्छ करून तो भरावा, घरातील वडीलधाऱ्या माणसांना खिडकीशी, चांगल्या उजेडात बसवावे आणि मोजून बारा छायाचित्रे काढावीत. ती धुऊन आली, की कॅमेऱ्याचे कोपरे झिजलेले आहेत हे बहुधा कोणाच्या लक्षातही राहणार नाही.